पत्ते वाटणारी सुनंदा

सुनंदा तोडणकरचा मला हेवा वाटायचा, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला एवढंच ठाऊक होतं की ऑफिसात एक बाई आहे आणि ती माझ्या डोक्यात जाते. तो विचारायचा, "का गं, काय करते ती?" आणि मला उत्तर सुचायचं नाही, कारण ती काहीच करायची नाही. वेळेवर यायची, काम करायची, हसायची आणि सगळ्यांना आवडायची. एखाद्या माणसाचा रागराग करायला एवढं पुरतं, हे नवऱ्याला कुठे समजवत बसू?

घाटकोपरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात आम्ही दोघी होतो. मी इंजिनियर. केबिनच्या भिंतीवर माझी चार सर्टिफिकेटं फ्रेममध्ये. सुनंदा तिथेच टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलेली. पुढे ऑपरेटरची गरज संपली तेव्हा आमचे साहेब, नाडकर्णी सर, तिला म्हणाले, "वायरींशी तुझी ओळख आहेच, आमच्याकडे ये." ती आली आणि बघून बघून शिकली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. पण पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताईबिई नको हां. सुनंदा म्हण, अगंतुगं कर." मुलुंडच्या आमच्या घरात मोठ्या जावेलासुद्धा अहोजाहो, त्यामुळे मला ते जमायला महिना लागला. तिने मात्र पहिल्या मिनिटापासून "काय गो अर्चना" सुरू केलं.

तिचं काम काय ते आधी सांगते. कॉम्प्युटर, प्रिंटर, मोबाइल, काहीही नेटवर्कला जोडलं की ते पहिल्यांदा पत्ता मागतं. हा पत्ता आकड्यांचा असतो. एक मुख्य सर्व्हर असे पत्ते आपोआप देत बसतो, तेही कायमचे नाही, ठराविक मुदतीसाठी. आमच्याकडे मुदत आठ तासांची होती. अर्धी मुदत सरली की यंत्र स्वतःहूनच ती वाढवून मागतं. सगळं माणसाचा हात न लागता चालतं. फक्त ते नीट चाललंय ना, कोणाला कुठला पत्ता मिळाला, कोण आलं, कोण गेलं, यावर कोणीतरी लक्ष ठेवावं लागतं. ती कोणीतरी म्हणजे सुनंदा.

"काय करता तुम्ही?" असं कोणी विचारलं की ती सरळ चेहऱ्याने सांगायची, "मी पत्ते वाटते." एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईने आ वासून विचारलं होतं, "हॉस्पिटलात? दिवसभर?" त्यावर ही म्हणे, "दिवसभर. मी घरी गेले तरी डाव चालूच असतो." हा किस्सा तिने कॅन्टीनमध्ये सांगितला तेव्हा लोक पोट धरून हसले. मी पण हसले, आणि मग दिवसभर विचार करत राहिले की माझ्या कामाबद्दल मला असं एक वाक्य का सुचत नाही.

रोज सकाळी ती स्क्रीनवर पत्त्यांची यादी उघडायची आणि मोठ्याने हजेरी घ्यायची. पत्त्यातला शेवटचा आकडा हेच तिच्या लेखी त्या यंत्राचं नाव. "चौदा इलो. पंधरा इलो. सोळा खंय रवलो?" मग फोन उचलायची आणि ऑपरेटरच्या त्या जुन्या, मऊ आवाजात विचारायची, "एक्स-रे का? तुमचा कॉम्प्युटर चालू नाही केलात अजून?" समोरचा चाट पडायचा. कोणत्या डॉक्टरने नवीन फोन घेतला, कोण सुट्टीवर आहे, कुठल्या वॉर्डातला प्रिंटर कोणी उचलून दुसरीकडे ठेवला, हे तिला यादीवरून कळायचं. मला वाटायचं, ही निव्वळ सवय आहे, यात ज्ञान कुठे आहे? असं स्वतःला समजावलं की अर्धा तास बरं वाटायचं.

तिची एक जाडजूड वही होती, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची. दिवसभरात जे वेगळं दिसेल ते ती त्यात मराठीत लिहायची. खुर्ची तिची तीच, टेलिफोन बोर्डाच्या वेळची लाकडी. चाकाच्या खुर्चीवर बसायला तयार नव्हती. "ती माणसाला स्थिर बसू देत नाय," म्हणायची. घरी जाताना स्विचच्या, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या यंत्रांच्या, कपाटावर हात ठेवून ते जास्त तापलंय का बघायची. तापमान दाखवणारा आकडा समोर स्क्रीनवर असायचा, तरी.

एकदा सरांनी मला नर्सिंग आणि ऑफिसच्या लोकांना हे पत्त्यांचं प्रकरण समजावून सांगायला लावलं. मी तीन संध्याकाळी बसून स्लाइड्स केल्या. बाण, रंगीत चौकोन, सगळं. दहाव्या मिनिटाला पुढच्या रांगेतल्या सिस्टर डुलायला लागल्या. माझं संपल्यावर सर म्हणाले, "सुनंदा, तू काही सांगतेस?" ती जागेवरूनच उभी राहिली.

"माझे वडील गिरणीत होते. लालबागला आमच्या गावची एक खोली होती, गावकीची. गावातून कोणी पोटापाण्याला आला की थेट त्या खोलीवर. माणसं चाळीस आणि जागा पंधरा वळकट्यांची. माझे वडील तिथले कारभारी. कोण पहिल्या पाळीला, कोण तिसऱ्या पाळीला, कोण गणपतीला गावाक गेलो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. आणि महिना झाला की विचारायचे, 'राहतोस की जातोस रे बाबा?' आपला सर्व्हर तेच करतो. मी आपली बघते, एका वळकटीवर दोघे तर झोपले नाहीत ना."

हॉल खदखदून हसला, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांना समजलं. दुसऱ्या दिवसापासून लोक फोन करून विचारायला लागले, "ताई, माझ्या कॉम्प्युटरला वळकटी मिळत नाहीये ना." मला वर्गात पहिला नंबर कधी सोडावा लागला नव्हता. त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडताना मला तो सुटल्यासारखा वाटला. माझे वडील बँकेत होते, मुलुंडला स्वतःचा ब्लॉक होता, गावकीची खोली मी कशाला पाहिली असणार! आपल्या बापाची गरिबी एखादीला इतकी उपयोगी पडावी, याचाही मला हेवा वाटला. किती खालच्या पायरीला उतरले होते बघा.

मग रक्तपेढीची गोष्ट झाली. तिथल्या फ्रिजला एक तापमान मोजणारं यंत्र होतं. त्याचा नंबर बावन्न. एका सकाळी हजेरी घेता घेता सुनंदा थांबली. "बावन्नने मुदत वाढवून मागितली नाय." मी म्हटलं, "मागेल गं, अजून मुदत संपली कुठे?" तर ती म्हणाली, "अर्धी झाली ना. हा कधी उशीर करत नाय." आणि उठून चालूच पडली. लिफ्टची वाटही बघितली नाही. रक्तपेढीत रंगकाम चाललं होतं, आणि रंगाऱ्यांनी आपल्या मशीनसाठी फ्रिजचा प्लग काढून ठेवला होता. मोजणारं यंत्रही त्याच बोर्डावर. फ्रिज अजून गार होता, सगळ्या पिशव्या वाचल्या. तिथल्या प्रमुख कुलकर्णी मॅडमनी सुनंदाला सगळ्यांसमोर मिठी मारली.

या सगळ्यावर नजर ठेवायला मी एक सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं. त्याने मला ईमेल पाठवलाच होता, अगदी वेळेवर. तो माझ्या इनबॉक्समध्ये इतर शेकडो सूचनांच्या खाली पडला होता. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सुनंदाला मात्र कळलं असावं, कारण संध्याकाळी ती सहज म्हणाली, "त्या ईमेल जरा कमी करूया का गो? खरी हाक ऐकू येत नाय." मी म्हटलं, "बघू." माझं हे 'बघू' हॉस्पिटलात प्रसिद्ध होतं.

नाडकर्णी सर निवृत्त व्हायला आले. त्यांच्या जागी आमच्या दोघींपैकी एक. सुनंदाच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ते पद तिला मिळालं असतं तर तीन वर्षांनी ते माझ्याकडेच येणार होतं, हे मला पुरतं कळत होतं. पण मला ते तिच्यानंतर नको होतं. तिच्या हाताखाली तीन वर्षं, लोक तिच्याकडे प्रेमाने बघताना बघत? त्यापेक्षा नोकरी सोडेन, असं मी नवऱ्याला रात्री जेवताना म्हणाले, आणि तो आमटीची वाटी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.

याच सुमाराला सुनंदाने एक मागणी लावून धरली होती. स्विचमध्ये एक सोय असते. ती चालू केली की पत्ते फक्त आपल्या मुख्य सर्व्हरलाच वाटता येतात. दुसरं कुठलं यंत्र मध्येच पत्ते वाटायला लागलं तर स्विच त्याचं तोंड दाबून धरतो. अशा यंत्राला सुनंदाने शब्द शोधला होता: तोतया. "एखाद्या दिवशी तोतया शिरेल हां अर्चना, आणि वाट लागेल. तेवढं बटण चालू कर ना." स्विचमध्ये बदल करायचा पासवर्ड माझ्याकडे होता, अर्ध्या दिवसाचं काम होतं आणि सूचना शंभर टक्के बरोबर होती. ती माझ्याकडून आली असती तर मी त्याच दिवशी केलं असतं. तिने वहीत दोनदा लिहिलं, मी दोन्हीदा सही केली आणि म्हटलं, "बघू."

माझ्या केबिनमध्ये वाय-फाय नीट यायचं नाही. एका शनिवारी घरातला जुना राऊटर मी पिशवीत घालून आणला, निघता निघता कपाटामागे ठेवला, भिंतीतली वायर त्यात खुपसली आणि सोमवारी निवांत बघू म्हणून निघून गेले. अशा राऊटरला मागे पाच भोकं असतात. एक निळं, चार पिवळी. बाहेरून आलेली वायर निळ्यात घालायची. पिवळ्यात घातली तर तो राऊटर स्वतःलाच मालक समजतो आणि सगळ्या इमारतीला पत्ते वाटायला लागतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मी स्वतः शिकवलेलं आहे. शनिवारी मी वायर पिवळ्यात घातली.

सोमवारी सकाळी ओपीडीत केसपेपर निघेनात. रविवारभर बंद असलेले कॉम्प्युटर चालू झाले, त्यांनी पत्ते मागितले आणि निम्म्यांना भलत्याच ठिकाणाहून पत्ते मिळाले. त्या पत्त्यांवरून ना लॅब दिसे, ना फार्मसी. खाली खिडकीवर पेशंट ओरडत होते, सिस्टर हाताने नावं लिहीत होत्या. मी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या लोकांना फोनवर झापत होते. खरं सांगते, कपाटामागचा तो डबा माझ्या डोक्यातून पार गेला होता.

सुनंदा आपल्या लाकडी खुर्चीवर यादीसमोर बसलेली. "निम्मी हजर नाहीत," ती म्हणाली. "पण खाली जाऊन बघितलं तर सगळ्यांकडे पत्ते आहेत. म्हणजे माझ्याकडून नाय घेतले. घरात तोतया शिरलाय गो."

मग तिने ओपीडीतल्या एका कॉम्प्युटरवर बघितलं, पत्ता दिला कोणी. देणाऱ्या यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर कागदावर उतरवला, आणि एकेका स्विचला विचारत निघाली, हा नंबर तुझ्या कुठल्या भोकातून बोलतोय? तळमजला नाही. पहिला नाही. दुसरा नाही. मी फोन कानाला धरून तिच्या मागे उभी होते. तिसऱ्या मजल्याच्या स्विचने सांगितलं, एकोणीस. तिने वहीतला नकाशा उघडला, एकोणीसवर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहू दिलं. एकोणीस म्हणजे माझी केबिन.

तेव्हा मला डबा आठवला. 

ती उठली. केबिनमध्ये गेली, कपाटामागे हात घालून वायर उपटली, डबा आपल्या कापडी पिशवीत टाकला आणि वर जेवणाच्या डब्याचा रुमाल घातला. मग खालच्यांना कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं, आणि पाच-दहा मिनिटांत खालून फोन आला की केसपेपर निघायला लागले. संध्याकाळी तिने पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलाखाली ठेवला. "घरी ने. आणि ते बटण चालू कर हां आता." वहीत तिने एका ओळीत लिहिलं होतं: तिसरा मजला. तोतया सापडला, काढला. एकोणीस हा आकडा तिने लिहिला नव्हता. इतक्या वर्षांत तिने आकडा गाळलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला तिचे उपकार वाटायला हवे होते. मला राग आला. मोठेपणासुद्धा हिलाच मिळावा?

पंधरा दिवसांनी मुलाखती झाल्या. समोर नाडकर्णी सर आणि दोन ट्रस्टी. त्यांनी सोमवारबद्दल विचारणं साहजिकच होतं. तो डबा कोणी आणला? मी म्हणाले, "बाहेरचे दुरुस्तीवाले येत-जात असतात, त्यांच्यापैकी कोणीतरी असावं. पण मी आता स्विचवर बंदोबस्त केलाय, पुन्हा होणार नाही." आवाज जराही हलला नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खुर्ची मला मिळाली. सरांनी शेवटच्या दिवशी चहा पिता पिता सहज सांगितलं, "खरं तर सुनंदाचं जवळजवळ ठरलं होतं. पण तिलाही तोच प्रश्न विचारला, डबा कोणाचा? तर म्हणते, 'सर, तोतयाला कसलं आलंय नाव? सापडला की काढायचा.' तीनदा विचारलं, तीनदा तेच. ट्रस्टी म्हणाले, बाईला प्रकरणाचं मूळच माहीत नाही, हिच्या हातात विभाग कसा द्यायचा? तू निदान काहीतरी उत्तर तरी दिलंस." मी मान हलवली आणि चहा संपवला.

मी खुर्चीवर बसले त्या दिवशी ती मालवणी खाजं घेऊन आली आणि स्वतः सगळ्या मजल्यांवर वाटत फिरली. "आमची अर्चना साहेब झाली!" मी तिच्या चेहऱ्यावर हेवा शोधत होते. थोडासा, नखाएवढा तरी. तो दिसला असता तर आमची फिटंफाट झाली असती आणि मला रात्री झोप लागली असती. पुढची तीन वर्षं मी तो शोधत राहिले. लोक माझ्या केबिनचं दार उघडायचे, आत डोकावायचे आणि विचारायचे, "मॅडम, सुनंदाताई कुठे आहेत?"

तिच्या निरोपाच्या दिवशी कॅन्टीनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. रक्तपेढीच्या कुलकर्णी मॅडम, ओपीडीच्या सिस्टर, लिफ्टमन, धुलाईखात्यातल्या बायका, सगळे. विभागप्रमुख म्हणून भाषण माझं. मी आदल्या दिवशी ठरवलं होतं की आज सांगून टाकायचं. कागदावर लिहूनही आणलं होतं, एकच वाक्य: तो डबा माझा होता. यापुढे मला कोणी काही करणार नव्हतं, फार तर चार लोक चार दिवस बोलले असते. मी उभी राहिले. पहिल्या रांगेत ट्रस्टी बसले होते, त्यांच्या मागे माझ्या हाताखालची माणसं. सुनंदा मोतिया रंगाची साडी नेसून, हातात गुच्छ घेऊन माझ्याकडे बघत होती. अगदी टक लावून. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "सुनंदा म्हणजे आमच्या विभागाचा कणा होती." पुढेही बरंच चांगलं बोलले. टाळ्या पडल्या.

मग सगळे तिला सोडायला फाटकापर्यंत आले. रिक्षात गुच्छ आणि भेटींच्या पिशव्या ठेवता ठेवता तिलाच बसायला जागा उरेना. बायका रडत होत्या. माझ्या वेळी यातले किती येतील, हे मी तेव्हाही मोजत होते. रिक्षा सुरू झाल्यावर तिने हात बाहेर काढला, माझा हात धरला आणि मला जवळ ओढलं. रिक्षाच्या आवाजात फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "आज तरी बोलशील असं वाटलं होतं गो."

म्हणजे तीन वर्षं ती वाट बघत होती. हात सोडून ती हसली, सगळ्यांना हात हलवला, आणि रिक्षा वळून स्टेशनच्या रस्त्याला लागली.

कुलकर्णी मॅडम डोळे पुसत माझ्याजवळ आल्या. "काय म्हणाली हो शेवटी?"

"काही नाही," मी म्हटलं. "येते, म्हणाली."